बिसुनच्या घरातला पैसा

माझ्या पोराने, अपिसाईने, शेजाऱ्याचा हात तोडला. मी त्याची आई, म्हणून मीच सांगते.

आमच्या फिजीत त्या वर्षी सरकार उलथलं आणि गावोगाव पुढारी कर्ण्यावरून बोंबलू लागले, "इंडियनाच्या एका घरात आपल्या तीन घरांइतकं येतं! कुणाच्या जमिनीवर?" आता शहरातला इंडियन दुकानदार आणि आमचा शेजारी बिसुन यांची एकत्र सरासरी काढली, तर दुकानदाराची कमाई बिसुनच्या पत्र्याच्या घरावरही मांडली जाणारच की! मेल्यांना एवढंही कळेना. बिसुन आमच्या कुळाच्या जमिनीवर खंडाने ऊस लावायचा. त्याची बायको राजवंती नि मी एकाच शेडमध्ये मासळी साफ करायचो, एकाच पगारावर.

भर दुपारी आरडाओरडा ऐकून मी धावले. गावातल्या पाच पोरांनी, त्यात माझा अपिसाईही, बिसुनला अंगणात पाडून लाथांनी त्याचं तोंड फोडलं होतं. गाद्या फाडल्या होत्या, पीठ मातीत सांडलं होतं. पैसा काही निघेना, तशी पोरं आणखीच पिसाळली.

"कुठं पुरलायस? बोल!" अपिसाई ओरडला. त्याच्या हातात ऊसतोडीचा कोयता होता.

"अरे, तुझ्या आईला विचार! माझ्या चुलीवर काय शिजतं ते तिला ठाऊक आहे."

"टाक तो कोयता, मुडद्या!" मी किंचाळले.

त्याने ऐकलं नाही. कोयता उगारलेला पाहून बिसुनने डोक्यावर उजवा हात धरला, आणि पंजा मनगटापासून तुटून मातीत पडला. राजवंतीने ओढणी फाडून हात आवळला. मी अंगणातल्या चुलीवरचं पातेलं उचलून पोराच्या अंगावर फेकलं. नुसता उकडलेला कसाव्याचा कंद होता, आमच्या घरी होता तोच.

"घे, खा इंडियनाची श्रीमंती!" म्हणत चुलीतलं लाकूड मोडेपर्यंत त्याला झोडपलं.

बिसुन महिन्याने दवाखान्यातून आला. त्याने अजून पोलिसांत अपिसाईचं नाव दिलं नव्हतं. आमच्यात रीत आहे, अपराध झाला की कुळाने देवमाशाचा दात घेऊन समोरच्याच्या दारात बसायचं. त्याने दात घेतला की माफी झाली, तक्रार उरत नाही. आम्ही गेलो, अपिसाईलाही घेऊन. लाज वाटते सांगायला, पण मला माझा पोरगा तुरुंगातून वाचवायचा होता.

माझा भाऊ नेमानी याने मान खाली घालून दात पुढे केला. बिसुनने डावा हात पुढे केला.

नेमानी सवयीने बोलून गेला, "दोन्ही हातांनी घ्यायचा असतो, बिसुनभाऊ."

"दुसरा तुझ्या भाच्याने घेतलाय. त्याला म्हणावं, परत दे. मग घेतो."

राजवंतीने बिसुनला आत घेऊन दार लावून घेतलं. आम्ही ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून होतो. मग मी उठले, अपिसाईचं मनगट धरलं आणि त्याला स्वतः पोलीस चौकीत नेऊन दिलं.