पुसायची राहिलेली खाच

रायफलीची नळी सोडवून क्लबाच्या मिस्तरींनी खाचेत बोट फिरवलं, तर बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. नळीचा खांदा रायफलीच्या अंगाला जिथे टेकतो, तिथे लोखंडाचा बारीकसा कीस चेपून बसला होता.

ही नळी दोन वर्षांपूर्वी त्यांनीच बसवली होती. आधी खाच पुसायची, नळी पुरती टेकली का बघायचं, सरळ आहे ना याची खात्री करायची आणि मगच आवळायची, हे नेमबाजीच्या क्लबात तीस वर्षं ते येईल त्याला ऐकवत आले होते. त्या दिवशी मात्र अध्यक्षांशी गप्पा रंगल्या आणि खाच पुसायची राहिली. नळी पुरती टेकलीच नाही. तापली की ती केसभर सरकत असणार.

रायफल एका नर्सबाईंची. निवड स्पर्धेत त्यांच्या पहिल्या वीस गोळ्या मधोमध बसल्या, मग एकेक डावीकडे भरकटली. बाईंनी रायफल तपासायला सांगितली, तेव्हा मिस्तरींनी ती हातातसुद्धा घेतली नव्हती. सगळ्यांदेखत ते म्हणाले होते, "रायफल चोख आहे, ताई. हात कापतोय तुमचा."

बाई त्यानंतर क्लबात फिरकल्या नाहीत. रायफलही त्यांनी क्लबालाच देऊन टाकली. सफाईसाठी मिस्तरींनी ती आज पहिल्यांदाच उघडली होती.

कीस झटकून टाकला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. मिस्तरींनी तो झटकला नाही. मग हात धुतले आणि विचारत विचारत बाईंचं घर गाठलं.

बाई दारातच भेटल्या. वाटेत जुळवलेली वाक्यं मिस्तरींना एकही आठवेना. चूक माझी होती, तुमचा हात चांगला होता, एवढंच कसंबसं बोलून ते थांबले.

बाई रागावल्या नाहीत. त्या दिवसापासून आपण इंजेक्शनची सुई हातात धरली नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. पेशंटला इजा नको म्हणून वॉर्ड सोडला, नोंदणीच्या खिडकीवर बदली मागून घेतली. घरी नवरा गरम भांडंही उचलू देत नाही.

मिस्तरी जायला वळले. "येतो मी," ते पुटपुटले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "सगळ्यांदेखत बोलला होतात. आता निदान ह्यांच्यादेखत सांगा."

त्यांनी हाक मारली. नवरा हात पुसत बाहेर आला, पाहुणा बघून त्याने खुर्ची पुढे केली. मिस्तरी बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.