चार रंगांचा तक्ता

आमच्या गटात चौघं: होणारा डॉक्टर, होणारी नर्स, फिजिओथेरपी शिकणारा एक उंच मुलगा आणि समाजकार्य शिकणारी मी. वेगवेगळ्या शाखांनी एकत्र काम शिकावं म्हणून कॉलेजने चौघांत मिळून एक पेशंट दिला होता आणि एकच तक्ता. प्रत्येकाच्या शाईचा रंग वेगळा, माझा जांभळा. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमचा नियम असा, की एकाने विचारलेला प्रश्न दुसऱ्याने पुन्हा विचारायचा नाही. आधीची नोंद वाचायची. पेशंटला किती जणांनी पिडायचं?

पेशंट म्हणजे खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा. इतका शहाणा पेशंट शोधून सापडणार नाही. उंच मुलाने वॉकर घेऊन वीस पावलं सांगितली की हे तीस चालायचे, ओठ घट्ट मिटून. "घरी कधी सोडणार?" हा एवढाच त्यांचा हट्ट.

पहिल्या दिवशी नर्सने विचारलं, "घरी तुमचं कोण बघेल?"

"बायको आहे ना," आजोबा म्हणाले.

तिने लाल शाईत लिहिलं: घरी पत्नी. मग ते निळ्यात उतरलं, हिरव्यात उतरलं आणि जांभळ्यातही. घरची चौकशी हे खरं तर माझंच काम, पण मीही नियमाची पोर. राग येतो तो स्वतःचाच.

शुक्रवारी सकाळी, घरी सोडायच्या दिवशी, किती वाजता पोचतील ते सांगायला मी त्यांच्या घरी फोन लावला. बाईंचा आवाज गोड होता. "हे ऑफिसला गेलेत. सहापर्यंत येतील. काही निरोप आहे का?"

आजोबांना रिटायर होऊन सोळा वर्षं झाली होती.

"आजी, तुमच्याजवळ कोण आहे?"

"एक बाई येते, जेवायला वाढते. कोण कुणास ठाऊक, पण चांगली आहे."

मी वॉर्डात धावले. आजोबा शर्टाची बटणं लावून, बूट घालून पलंगावर तयार बसले होते. माझा चेहरा बघून त्यांनी ओळखलं.

"घरी कोण आहे ते विचारलंत, ती कशी आहे ते कुणी विचारलं? शेजारीण बघतेय, पण रविवारी ती मुलीकडे चालली. बोलू नकोस पोरी. मला इथे ठेवून घेतील आणि तिला कुठेतरी नेऊन टाकतील. माझ्याशिवाय ती कुणाला ओळखत नाही गं."

मी तरीही बोलले. होणारा डॉक्टर म्हणाला, "डिस्चार्जवर सरांची सही झालीय, मी कोण?" नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं, जखमेची पट्टी कशी बदलायची हे ती आजींना फोनवर शिकवणार होती. वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या, पलंग दुसऱ्याला दिलाय, पेशंट खाली येऊन थांबलाय. मॅडम म्हणाल्या, "घरभेटीचा अर्ज टाक. पंधरा दिवसांत कुणीतरी जाईल." मी टाकला. वरातीमागून घोडं! आजोबांचा विश्वास तोडला तो तोडला, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. गाडीत बसताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी आमच्या कामाला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले. चौघांच्या नोंदींत कुठेही विसंगती नाही, असा शेरा होता. मी आजींचं सांगू लागले तर मॅडम हळूच म्हणाल्या, "कळतं गं मला. पण तक्ता कालपर्यंतचाच तपासायचा असतो." त्यांचाही आवाज पडलेला होता. त्यांच्यावर चिडायचं तरी कसं?

सहा वाजता राहवेना, म्हणून पुन्हा फोन लावला.

"हो, आले की ऑफिसमधून," आजी खुशीत म्हणाल्या. "पण आज फार दमलेत. मला चहा करून द्यायला गेले आणि तिथेच खाली बसलेत. उठा म्हटलं तरी उठत नाहीत."

"आजी, त्यांना फोन द्या. किंवा शेजारच्या बाईंना हाक मारा."

मागून आजोबांचा आवाज आला, कण्हत, पण स्पष्ट: "ठेव तो फोन." आणि शहाण्या बायकोसारखं आजींनी तो ठेवला. पुन्हा लावला तर कुणी उचलेना.

मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. पत्ता सांगितला, खुब्याचं ऑपरेशन सांगितलं. पलीकडच्या माणसाने सगळं नीट लिहून घेतलं.

"दार उघडायला घरी कोण आहे?" त्याने विचारलं.

"बायको आहे," मी म्हणाले.