घर क्रमांक एकशे बारा, माणसं तीन

सोमवारी सकाळी आपत्ती आराखडा मंजूर झाला आणि दुपारपर्यंत गावातली चिंचेखालची विहीर नाहीशी झाली, कारण नकाशा काढणारा ती काढायला विसरला होता. पाण्याला आलेल्या बायका रिकामे हंडे घेऊन परत गेल्या. विहिरीच्या जागी घट्ट, तुडवलेली जमीन होती. तिथून वर्षानुवर्षं गुरं जात असावीत अशी. कोणी फारशी तक्रार केली नाही, कारण संध्याकाळी शाळेमागच्या माळावर दुमजली निवारा केंद्र उभं राहिलं. ते नकाशात होतं. त्याला हिरवं दार होतं, आत चाळीस संडास होते आणि ताज्या रंगाचा वास येत होता.

नांदवेळ हे गाव प्रकल्पाच्या कुंपणापासून चार किलोमीटरवर. अणुभट्टीत कधी बिघाड झाला, किरणोत्सार गावाकडे आला, तर कोणी कोणत्या बसमध्ये बसायचं, कोणाला आयोडीनची किती गोळी द्यायची, हे सगळं त्या आराखड्यात घरवार लिहिलेलं होतं. माहितीपत्रकं तर केव्हाच वाटून झाली होती. लोकांनी ती फडताळात अंथरली, कोणी त्यात सुकट बांधली. हर्षला चुरीने मात्र ती पाठ केली. ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, वय अठ्ठावीस, पदरात पाच महिन्यांची जुई. फ्रिजवर लावलेलं पत्रक ती दूध तापेपर्यंत वाचत उभी राहायची. घाबरू नका. घरातच थांबा. दारं-खिडक्या लावून घ्या. ओल्या फडक्याने नाक-तोंड झाका. सायरन तीनदा वाजला की बसकडे या. गोळी मोठ्यांना एक, तान्ह्यांना पाव. वाचून झालं की तिला जरा बरं वाटायचं आणि दूध उतू जायचं.

मंगळवारी खाजणापलीकडच्या सात झोपड्या गेल्या, माणसांसकट. वीटभट्टीवर कामाला येणारी ती कुटुंबं दिवाळीनंतर आली होती आणि पाहणी दिवाळीच्या आधी झाली होती. भट्टी मालकाच्या नावावर असल्यामुळे राहिली. दिवसभर ती एकटीच धुमसत होती.

"पावसाच्या आधी जातातच की ते," शेजारच्या प्रमिलाकाकू म्हणाल्या. "या वर्षी जरा लवकर गेले, एवढंच."

बुधवारी सकाळी हर्षला जुईला कोवळ्या उन्हात घेऊन ओट्यावर उभी होती. प्रमिलाकाकू तुळशीला पाणी घालता घालता थांबल्या.

"अगं, हात असे का धरलेस? मुरगळला की काय?"

"जुई आहे ना, काकू."

"बरं बरं," काकू म्हणाल्या. आजारी माणसाला म्हणतात तसं.

हर्षला घरात आली. नवरा केतन कामावर निघाला होता. त्याने डब्याची पिशवी सहज पाळण्यात ठेवली आणि वाकून बुटांची नाडी बांधायला लागला.

"अहो, पाळण्यात काय ठेवताय?"

"मग कुठे ठेवू? रिकामाच तर आहे." नाडी बांधून झाल्यावर त्याने वर पाहिलं. "पाळणा आणलाय कशाला पण आपण? तुला काही आहे का? सांग की मग, लाजतेस काय!" आणि तो हसत हसत तिच्या गालाला बोट लावून गेला.

तेव्हा हर्षलाला पाहणीचा दिवस आठवला.

जुई अकरा दिवसांची होती. हर्षलाला आई नव्हती, त्यामुळे बाळंतपण सासरीच झालं होतं आणि सासूबाईंनी, इंदुमतीबाईंनी, ते आपल्या हातांनी केलं होतं. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं. त्यांचा एकच दंडक होता, सव्वा महिना बाळ परक्याच्या नजरेला पडता कामा नये. पाहणीवाला दारात आला, टेबलासारखी पाटी हातावर धरून उभा राहिला. "माणसं किती?" इंदुमतीबाई दारात आडव्या झाल्या. "तीनच आहोत हो. मी, मुलगा आणि सून. लहान कोणी नाही." आतल्या खोलीत हर्षलाने पाळण्याची दोरी मुठीत घट्ट धरून ठेवली होती, कडी कुरकुरू नये म्हणून. तो गेल्यावर दोघी एकमेकींकडे बघून हसल्याही होत्या.

आता न्हाणीत इंदुमतीबाई पाटावर पाय पसरून बसल्या होत्या आणि पायांवर जुईला पालथी घालून तेल चोळत होत्या.

"आई, तुम्हाला दिसते ती?"

"न दिसायला काय झालं? मीच लपवली तिला, मला दिसणारच." त्यांनी जुईच्या पाठीवरून अंगठा फिरवला. "पण हलकी झालीय बघ. काल एवढी नव्हती. तांब्यातलं पाणी ओतलं की वाहून जाईल असं वाटतं."

"तुम्ही त्या माणसाला खोटं का सांगितलंत?"

"दृष्ट लागू नये म्हणून सांगितलं. आणि तू गं? तुझं तोंड कोणी शिवलं होतं? कॉलेजात गेलेली तू!"

हर्षलाने वाकून पाण्याचा तांब्या त्यांच्या हातापासून लांब सरकवला.

गुरुवारी जुईच्या कानाच्या पाळीतून दुपट्यावरची पिवळी बदकं दिसायला लागली. हर्षला रात्रभर तिच्यावर हात ठेवून बसली आणि शुक्रवारी सकाळी तिला पोटाशी बांधून निवारा केंद्रात गेली. तिथे खालच्या मजल्यावर दुरुस्ती खिडकी उघडली होती. दुपारी तीन वाजता सगळ्या गावाचा सराव होता. सरावात मोजलेली माणसं कायमची, असं पत्रकात शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात होतं. गावात ते तिने एकटीनेच वाचलं होतं.

खिडकीत लिपिक बसले होते. छातीवर पाटी, रा. ह. पिंपुटकर. ते काकडी सोलत होते.

"घर एकशे बारा," हर्षला म्हणाली. "माझी मुलगी राहिलीय."

त्यांनी सालं कागदावर नीट गोळा केली, हात पुसले, वही उघडली. "माणसं तीन. बस क्रमांक दोन, आसनं तीन."

"चार हवीत."

"ताई, आसन कुठून आणू? बेरीज जिल्ह्याला जाऊन सही होऊन आलीय. बेरजेला हात लावता येत नाही."

"ही बघा ती. ही इथे आहे."

पिंपुटकरांनी चष्मा वर करून तिच्या पोटाशी बांधलेल्या साडीच्या झोळीकडे सौजन्याने पाहिलं. "असेल," ते म्हणाले. "मी नाही म्हणत नाही. मलाही एक भाऊ होता." मग त्यांनी काकडीची एक फोड तिच्यापुढे केली. तिने घेतली नाही. त्यांनीच खाल्ली.

"काहीच करता येणार नाही का?"

"नावात बदल करता येतो. संख्येत नाही. तीन नावं आहेत, त्यातलं एक काढा, तिचं घाला. बारापर्यंत खिडकी आहे. घाई नाही."

वही त्यांनी तिच्याकडे फिरवली. एकाखाली एक तीन ओळी होत्या. केतन चुरी. हर्षला चुरी. इंदुमती चुरी. पुढे बरेच रकाने होते, बारीक अक्षरांत भरलेले. हर्षलाने ते पाहिले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच तिने छापील कागदावरचं काहीतरी न वाचता सोडलं. तिला तेवढी सवड नव्हती, झोळी इतकी हलकी झाली होती की गाठ सुटली का म्हणून ती सारखी चाचपत होती.

स्वतःचं काढलं तर जुईला पाजणार कोण? केतनचं काढलं तर खाणार काय? हे दोन प्रश्न तिने स्वतःला नीट विचारले. तिसरा विचारलाच नाही.

"संमती लागते का त्यांची?"

"घरातल्या कोणाही सज्ञान व्यक्तीची सही चालते."

तिने सही केली. सही चांगली आली. पिंपुटकरांनी छोट्या बाटलीतून पांढरा रंग काढून इंदुमती या नावावर लावला आणि तो वाळावा म्हणून हलकी फुंकर घातली, दुखऱ्या जागी घालतात तशी. मग विचारलं, "बाळाचं नाव?"

"जुई."

त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं.

ते लिहीत असतानाच झोळीला वजन आलं. पहिल्यांदा एवढंसं, मग बाळाएवढं. हर्षला आनंदाने रडायला लागली. पण वजन थांबलं नाही. खांद्याला रग लागली, साडी चरचरत फाटली, आणि तिला खाली बसून दोन्ही हातांनी आधार द्यावा लागला. फाटलेल्या झोळीतून आधी एक पाऊल बाहेर आलं. पावलावर निळ्या शिरा होत्या आणि टाचेला भेगा. मग पांढऱ्या केसांचं डोकं. मग सगळी जुई फरशीवर आली आणि थंडी लागल्यामुळे रडायला लागली. आवाज पाच महिन्यांच्या बाळाचा होता. फक्त तो एका मोठ्या, सैल पडलेल्या छातीतून येत होता.

"हे काय?" हर्षला म्हणाली. "हे काय केलंत?"

पिंपुटकरांनी खिडकीतून वाकून पाहिलं. आता त्यांना दिसत होतं. "नमस्कार, आजी," ते म्हणाले. मग हर्षलाला, "नाव बदला म्हणालात, नाव बदललं. बाकी रकाने तेच राहतात. वय एकसष्ट. गुडघेदुखी. चालताना मदत लागते."

"ती पाच महिन्यांची आहे!"

"फेरतपासणीत बघू. दोन वर्षांनी असते." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "तेव्हा त्या त्रेसष्ट होतील. तसं नव्याने भरा."

"मग जुनं नाव परत घाला. सासूबाईंचं."

"कोणाचं?" पिंपुटकरांनी वही पाहिली. पांढरा रंग वाळला होता. "बारा वाजले, ताई."

त्यांनी खिडकी लावून घेतली. आतून काकडीचा वास येत राहिला.

कामावरून सरावासाठी सोडलेला केतन तेवढ्यात तिथे आला. जुईला फरशीवर पडलेली पाहून तो लगबगीने पुढे झाला, आपला शर्ट काढून त्याने तिच्या अंगावर घातला. "अरे अरे, पिल्लू माझं. गार लागलं होय?" तो तिच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत म्हणाला. मग हर्षलावर खेकसला, "लक्ष कुठे असतं तुझं? एवढीशी पोर आणि उघडी टाकलीस?"

"अहो, हिच्याकडे नीट बघा तरी."

"बघतोय की. जुई आहे."

"आणि तुमची आई?"

केतनने शर्टाची गुंडी लावता लावता विचार केला. त्याने मनापासून विचार केला, हे तिला दिसत होतं. "मला आई कुठली?" तो म्हणाला.

हर्षला धावत घरी गेली. न्हाणीत पाट होता, भोवती तेलाचा वास होता, चुलवणावरच्या पाण्याला नुकती उकळी फुटली होती. तिने हाक मारली, "आई!" मग पुन्हा मारली. प्रमिलाकाकूंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "कोणाला गं?" तेव्हा नाव हर्षलाच्या जिभेवर आलं आणि तिथेच पांढरं झालं.

तीन वाजता सायरन तीनदा वाजला. गाव पत्रकात लिहिलं होतं तसं, ओली फडकी नाकाला लावून, रांगेत निघालं. केतन आणि हर्षलाने जुईला दोन्ही बगलांना धरून बस क्रमांक दोनकडे नेलं. तिला चालता येत नव्हतं, ती अजून पालथीसुद्धा पडायला शिकली नव्हती. तिचे पाय मातीतून फरपटत होते. वाटेत एक फुलपाखरू दिसलं तेव्हा ती बोळक्या तोंडाने खुदकन हसली आणि तिचं सगळं वजन हर्षलाच्या अंगावर आलं.

बसमध्ये खिडक्या बंद होत्या. आसनं मोजून होती. हर्षला खिडकीशी बसली, जुईला मधे बसवलं, पण जुईला बसता येत नव्हतं. ती हळूहळू कलली आणि हर्षलाच्या मांडीवर आडवी झाली. पाय मधल्या वाटेत गेले. गळ्यात शिट्टी अडकवलेली स्वयंसेविका यादी बघत गोळ्या वाटत येत होती.

"एकशे बारा. पुरुष एक, स्त्रिया दोन. तिघांना एकेक." तिने जुईची हनुवटी धरली. "आजी, आ करा."

"पाव द्या," हर्षला म्हणाली. "तिला पाव द्या. ती तान्ही आहे हो."

"आमची आजीसुद्धा अशीच करते बघा. गोळी म्हटलं की लहान बाळ होते." मागच्या आसनावरच्या बायका फडक्याआड हसल्या. केतनही हसला. स्वयंसेविकेने अख्खी गोळी जुईच्या जिभेवर ठेवली आणि सराईतपणे गळ्यावरून बोट फिरवलं. गोळी खाली गेली.

जुईने तोंड वेडंवाकडं केलं. बस सुरू झाली. ती रडायला लागली, मग थांबली, मान वळवून वास घेतला आणि सांधे सुजलेल्या हातांनी हर्षलाचा पदर बाजूला ओढायला लागली. सगळी बस बघत होती. हर्षलाने तिचा हात धरला, दाबून धरला, नको नको म्हणाली.

आणि तिला पान्हा फुटला.