साखळीवर साखळी

चाळीस वर्षं ज्यानं याच पाण्यात जाळी टाकली, त्या साकेलारिसचं नाव ग्रीसमधल्या कोस बेटावरच्या होड्यांच्या ऑफिसातल्या कागदावर दुसऱ्या ओळीत आलं, आणि नावापुढं लिहिलं होतं, खलाशी. पहिल्या ओळीत त्याची पोरगी, थेमेलिना. कप्तान! जिला त्यानं कमरेला दोर बांधून पोहायला शिकवलं, ती कप्तान. कारण काय, तर शिडाची होडी भाड्यानं घ्यायची तर परवाना लागतो, आणि तो तिच्याकडे होता. हाम्बुर्गच्या कुठल्याशा तळ्यात शिकून मिळवलेला.

"तळ्यात!" साकेलारिस म्हणाला. "तळ्यात बदकं शिकतात."

"बदकांकडे परवाना नसतो, बाबा. तुझ्याकडेही नाही. चल, पिशव्या उचल."

उचलल्या बिचाऱ्यानं. होडी शनिवारी घ्यायची आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत आणून द्यायची, असा करार. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचं विमान. सहलीची कल्पना तिचीच. पाच वर्षांपूर्वी साकेलारिसनं मासेमारीचा परवाना सरकारला परत केला, तेव्हा नियमाप्रमाणं त्याची लाकडी होडीही मोडावी लागली. लोखंडी दातांचं यंत्र आलं आणि पाव तासात तिची लाकडं झाली. तेव्हापासून हा गडी आपल्या कालिम्नोस बेटाच्या बंदरात समुद्राकडे पाठ करून कॉफी पितो, हे पोरीला कुणीतरी फोनवर सांगितलं होतं. म्हणून ही सात दिवसांची होडी.

पण खरं सांगायचं तर साकेलारिसच्या मनात होडी नव्हतीच. सोमवारी तिकडं हाम्बुर्गच्या दवाखान्यात थेमेलिना नर्सच्या कायमच्या नोकरीच्या कागदावर सही करणार होती. बारा वर्षं "एवढं वर्ष काढते, मग बघू" चाललं होतं. ते बघू आता संपणार होतं. इकडं कालिम्नोसच्या दवाखान्यात नर्सच्या जागा रिकाम्या पडलेल्या, आणि घरात तिची खोली रोज झाडलेली. त्याला तिला फक्त म्हणायचं होतं, जाऊ नको, इथंच राहा. चार शब्दांचं तर काम! पण बापलेकीतलं सगळं बोलणं आजवर कालोतिनाच्या तोंडून व्हायचं. बाप आईला सांगायचा, आई पोरीला. कालोतिना जाऊन चार वर्षं झाली होती, आणि निरोप्या गेल्यावर दोन गावांचं जे होतं ते या दोघांचं झालं होतं.

रविवारी प्सेरिमोस बेटावर जवाच्या पावावर टोमॅटो कुस्करून दोघं जेवत होती. तो खाकरला.

"काय, बाबा?"

"टोमॅटो चांगले आहेत."

मंगळवारी लिप्सीच्या वाटेवर समुद्र तेलासारखा पसरला होता. थेमेलिना सुकाणूवर उभी होती आणि खालचा ओठ दातात धरून वारा हुंगत होती. डिट्टो तो! कुणी शिकवलं नव्हतं तिला. एवढी बापावर गेलेली पोर, आणि ती तिकडं परक्या शहरात लोकांचे रक्तदाब मोजणार.

"पोरी..."

"हं?"

"तो दोर नीट गुंडाळ."

असा माणूस! वादळात जाळं सोडवेल, पण स्वतःची जीभ काही सुटायची नाही.

गुरुवारी दोघं आर्कीला पोचली. आर्की म्हणजे मूठभर घरं, शेळ्या, एक खाणावळ आणि धक्का. धक्क्याला लागायची रीत सगळीकडे तीच. समोर दूरवर नांगर टाकायचा, साखळी सोडत उलटं यायचं आणि होडीची पाठ धक्क्याला बांधायची. सगळ्यांच्या साखळ्या पाण्याखाली शेजारी शेजारी पडतात. एकाची दुसऱ्यावर पडली की खालच्याचा खेळ खलास. वरचा हलेपर्यंत त्यानं तिथंच बसायचं.

संध्याकाळी थेमेलिना पाव आणायला वर गेली. साकेलारिस होडीवर एकटाच होता. त्यानं उत्तरेकडे पाहिलं. सामोसचे डोंगर हाताला लागावेत इतके स्वच्छ दिसत होते, माथ्यावर एकच पांढरा ढग हटून बसलेला. त्याला कुणी सांगायला नको होतं. उद्या दुपारी मेल्तेमी सुटणार, उन्हाळ्यातला तो उत्तरेचा माजलेला वारा, आणि सुटला की चार दिवस कुणाला बंदराबाहेर पाऊल टाकू देणार नाही. सकाळी नऊच्या आत निघालं तर कोस गाठता येईल. नाहीतर नाही.

तेवढ्यात दोन तळांची एक रुंद जुळी होडी बंदरात शिरली. सुकाणूवर टोपीवाला, गोरामोरा झालेला माणूस, आणि त्याची बायको चारही बाजूंना एकदम ओरडत होती.

"काका!" टोपीवाल्यानं हाक मारली. "तुम्ही इथले दिसता. नांगर कुठं टाकू?"

"किती दिवस मुक्काम?"

"रविवारपर्यंत! मी फोकियोन, अथेन्सचा दंतवैद्य. मला हे उलटं येणं जमत नाही हो!"

साकेलारिसनं हात वर केला. उजवीकडे भरपूर जागा मोकळी होती. त्यानं डावीकडे खूण केली. आणखी डावीकडे. बरोबर आपल्या साखळीच्या डोक्यावर आल्यावर तो म्हणाला, "हं, टाका!" साखळी खडखडत खाली गेली. चाळीस वर्षांत कुणी असं केलं असतं तर साकेलारिसनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

"देव तुमचं भलं करो, काका," फोकियोन म्हणाला, आणि वर दारूची एक बाटली देऊन गेला. ती बाटली साकेलारिसच्यानं उघडवली नाही.

सकाळी साडेसातलाच शिडांचे दोर वाजायला लागले होते. थेमेलिनानं कॉफीचा कप अर्धाच ठेवला.

"बाबा, निघू या. वारा चढतोय."

तिनं नांगर ओढायचं मशीन सुरू केलं. साखळी आली, आली, आणि अडली. मशीन कण्हलं. तिनं वाकून पाण्यात पाहिलं.

"अगं बाई! त्या जुळ्या होडीची साखळी आपल्यावर आहे."

"असं का?" साकेलारिस म्हणाला. चोराच्या मनात चांदणं. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "मग राहावं लागेल. वारा पडेपर्यंत."

"राहून कसं चालेल? उद्या विमान आहे! सोमवारी मी गेले नाही तर ती जागा दुसरीला जाईल, बाबा. आठ महिने थांबलेय मी तिच्यासाठी." ती पलीकडच्या होडीवर ओरडली, "अहो! तुमचा नांगर आमच्यावर टाकलात!"

फोकियोन अर्ध्या चड्डीत बाहेर आला, डोळे चोळत. "आमचा? पण बाई, तुमच्या वडिलांनीच तर जागा दाखवली! मी उजवीकडे चाललो होतो, तेच डावीकडे डावीकडे करत होते. काका, सांगा की!"

काकांनी गुंडाळलेलाच दोर पुन्हा गुंडाळायला घेतला.

थेमेलिना वळली. या पाण्यात हा माणूस चुकत नाही, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं.

"तू मुद्दाम केलंस."

"हो."

"का?"

"तू जाऊ नयेस म्हणून." एकदा वाट फुटली आणि सगळं बाहेर आलं. "वारा येणार हे कालच दिसलं होतं मला. म्हटलं, चार दिवस अडकू. ती सही चुकेल. मग तू राहशील. घर खायला उठतं गं. तुझी आई होती तोवर कळलं नाही. रोज संध्याकाळी आगबोट येते आणि मी माणसं उतरताना बघतो, तू कळवलेलं नसतानाही. जाऊ नको, पोरी. इथंच राहा."

फोकियोन हळूच आत निघून गेला. वैद्य असला तरी शहाणा होता.

"बारा वर्षं!" थेमेलिना ओरडली. "बारा वर्षं मी दर वेळी बॅग भरताना तुझ्या तोंडाकडे बघत होते. एकदा म्हणाला असतास! पहिल्या वर्षी, दुसऱ्या वर्षी, आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला तरी. मी राहिले असते रे. तू म्हणायचास, स्वेटर घे."

"मग आता म्हणतो."

तिनं डोळे पुसले. वारा आणखी चढला.

"आता नाही जमणार, बाबा," ती म्हणाली. "माझी माणसं आहेत तिकडं आता. माझे पेशंट. माझी भाषासुद्धा अर्धी तिकडची झाली. आता राहिले तर रोज रागावेन तुझ्यावर."

साकेलारिसनं मान डोलावली. मग बंडी काढून ठेवली, एक जाडा दोर घेतला आणि होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन आडवा झाला.

"मशीन चालव. हळू. अजून. बस!"

दोन्ही साखळ्या पाण्यावर आल्या. त्यानं वरच्या साखळीखालून दोर ओवला आणि तिचं ओझं होडीच्या खुंट्याला टांगलं. आता आपला नांगर थोडा खाली सोडायचा, म्हणजे तो मोकळा होतो. इथं दोर नुसता एक वेढा चुकवून बांधला असता तर सगळा गुंता होऊन बसला असता, अन् पोरीला कळलंही नसतं. पण त्या हातांना चुकीची गाठ बांधताच येत नव्हती. नांगर सुटला. त्यानं खुंट्यावरचा दोर सोडला, आणि दंतवैद्याची साखळी सुळकन तळाला गेली. सव्वाआठ वाजले होते.

बंदराबाहेर पडल्यावर थेमेलिना सुकाणूवरून बाजूला झाली. "तू घे."

"माझ्याकडे परवाना नाही."

"घे म्हणते ना!"

त्यानं घेतलं. वारा पाठीवर होता, लाटा मागून उचलून पुढं ढकलत होत्या, आणि होडी अशी पळाली की लेरोस केव्हा मागं पडलं ते कळलं नाही. साकेलारिसनं पोरीला तिच्या विमानाकडे इतकं सरळ नेलं की वावभर वाटही वाया गेली नाही. तिनं त्याच्या हातात पाव दिला, त्यानं अर्धा तिला परत दिला.

एकच्या सुमाराला उजव्या हाताला कालिम्नोस आलं. चढावरची घरं दिसू लागली, त्यांत तिसऱ्या रांगेतलं निळ्या दाराचं. साकेलारिसनं तिकडं पाहिलं नाही. सुकाणू चार बोटं फिरवलं असतं तरी होडी बंदरात गेली असती. त्यानं नजर कोसवर ठेवली.

"बाबा, घर."

"दिसलं मला."

ती उठली. त्याला वाटलं, खाली जाऊन बॅग भरणार. पण ती मोठ्या शिडापाशी गेली आणि त्याचा ताणलेला दोर तिनं हातभर सैल सोडला. मग आणखी हातभर. शिड फडफडलं, होडी मंदावली. ती येऊन बापाला खेटून बसली आणि डोकं त्याच्या खांद्यावर ठेवलं.

"उशीर होईल हं," तो म्हणाला.

"सहापर्यंत वेळ आहे."