सहा कुशी

चुडामणआबांनी घड्याळ पालथं घातलं, कानाशी धरलं, मग डाव्या कडेवर उभं केलं. समोरच्या स्टुलावर नात मृणाल चहाचा पेला हातात धरून बसली होती. बंगळूरहून येऊन तिला दोन दिवस झाले होते आणि दोन्ही दिवस ती अशीच बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या या घड्याळांच्या दुकानात येऊन बसत होती.

"चहा निवला, बेटा. तुझ्या त्या मशीनचं काय बिघडलं ते तरी सांग."

"तुम्ही ते गिऱ्हाइकांना सांगायच्या गोष्टीत घालाल."

"घालीनच. पण आधी ऐकून तर घेईन!"

मग तिने सांगितलं. पेशंटला नेणारं विमान. आतल्या नर्सला उपग्रहावरून खालच्या डॉक्टरशी बोलायचं असतं. प्रत्येक विमानाला त्यासाठी सेकंदाचा एक बारीक तुकडा ठरवून दिलेला. विमानातल्या बोलायच्या संचातलं घड्याळ जरासं सरकलं की बोलणं दुसऱ्याच्या तुकड्यात जातं आणि आवाज तुटतो. ते घड्याळ मृणालने बनवलेलं होतं.

"सरळ जाताना एकदम स्वच्छ, आबा. विमान वळलं की तुटतं. पुढच्या महिन्यात शेवटची चाचणी. परत तुटलं तर संच बाद. माझी तीन वर्षंही."

आबांनी भिंग डोळ्यावरून काढलं.

"दापोऱ्याच्या गिरधरचं असंच होतं. दुकानात घड्याळ बरोबर, घरी नेलं की मागे. इतकं मागे, की तो स्वतःच्या लग्नाला पोचला तेव्हा बायको पोराला न्हाऊ घालत होती."

"मागच्या टाइमला तो सासऱ्याच्या लग्नाला पोचला होता!" समोरच्या दुकानातून वामन ओरडला.

"तू बांगड्या विक रे! तर मी दुपारचा त्याच्या घरी गेलो. पठ्ठ्या डाव्या कुशीवर झोपलेला, मनगट उशाशी. घड्याळही त्याच्यासोबत कुशीवर, आणि त्या कुशीवर ते मागे पडायचं! तेव्हापासून मी सहा कुशींवर तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाही. तबकडी वर, तबकडी खाली, आणि चारी कडा. तुझं किती कुशींवर तपासलं?"

मृणाल हसायला लागली आणि मध्येच थांबली.

"टेबलावर," ती म्हणाली. "सपाट."

"बस?"

"थंडी, उष्णता, हादरे, सगळं केलं. कुशीवर कुणी ठेवलंच नाही." ती उठली होती. "आत स्फटिक असतो, आबा. वळताना त्याच्यावरचा भार बदलतो आणि घड्याळ सरकतं."

"चहा तरी..."

"तुम्ही प्या!"

पुढच्या महिन्यात एका सकाळी दुकानातला फोन वाजला. मागे इंजिनाची घरघर होती.

"आबा, मी विमानातून, त्याच संचावरून बोलतेय. प्रत्येक कुशीवरची चूक मोजली, सुधारणा आत भरली. रिपोर्टात 'कुणी सुचवलं' तिथे तुमचं नाव लिहिलंय, गाव बुऱ्हाणपूर. आता विमान वळतंय. पूर्ण वळणभर कुणीतरी न थांबता बोलायला हवं. माझ्याकडे असा माणूस एकच आहे. बोला!"

आबांनी तोंड उघडलं. वामन आपलं दुकान सोडून उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. आबांचे ओठ हलले. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"आबा?" तिचा आवाज ताणला गेला. तिच्यामागे कुणीतरी विचारलं, "गया क्या?"

"आबा, तुटलं का?"

"नाही गं, बेटा." आबांनी बाहीने डोळे पुसले. "लाइन जागेवर आहे. मीच जरा तुटलो."

पलीकडे ती हसली आणि वळण संपेपर्यंत ते हसू सलग ऐकू येत राहिलं.