धुवण प्यायलेली बादली

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. पांढरी म्हणून जन्मले, आता पिवळी पडले आहे. पण कडी अजून शाबूत आहे आणि आठवणीही शाबूत आहेत. बुडाशी नाक नेलंत तर कैरीच्या लोणच्याचा वास येईल. प्लास्टिकची जात, वास धरून बसते, काय करणार!

सनीव्हेलच्या एका देशी हॉटेलात मी वीस किलो लोणचं सांभाळत असे. लोणचं संपलं आणि माझी रवानगी मागच्या दारी झाली. तिथून २००४च्या मार्चमध्ये दिगंबर मला हॉटेलवाल्यांकडून मागून घरी घेऊन आला. हा चिप डिझाइन करणारा इंजिनियर, अबोल आणि मोजूनमापून वागणारा. त्याच्या बायकोची, मालिनीची, केमो नुकतीच सुरू झाली होती. भात शिजल्याचा वास आला तरी तिला उमासे येत. आठ केमो घ्यायच्या होत्या, आणि वजन फार उतरलं तर मधेच थांबावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पोटात चार घास टिकावेत म्हणून त्यांनी गांजासाठी पत्र लिहून दिलं.

दचकू नका, मित्रांनो. कॅलिफोर्नियात आजारी माणसाला अशा पत्रावर हे झाड घरी लावता येत होतं. त्या घरात ते औषध होतं. निरोगी माणसाने, त्यातून मुलांनी, त्याच्या वाटेला जायचं कारण नाही. सॅन फ्रान्सिस्कोत ते मिळायची दुकानंही होती. दिगंबर एकदा गेला आणि ऑफिसातलं कोणी बघेल या धास्तीने दारातूनच परत आला.

मग त्याने माझ्या झाकणाला भोक पाडलं, पोटात पाणी आणि खताचे थेंब घातले, हवेचे बुडबुडे सोडणारा पंप बसवला. केमोच्या वॉर्डात ओळख झालेल्या एका पेशंटने दिलेलं रोप त्या भोकात उभं राहिलं. वर दिवा, खाली मुळं पाण्यात. माती औषधालाही नाही.

"कुंडीत लाव ना सरळ," मालिनी म्हणाली.

"मातीत काय काय असतं कोणाला माहीत? पाण्यात सगळं कंट्रोल करता येतं. शिवाय ग्रोथ फास्ट."

"मला कंट्रोल नको रे, भूक हवीय." मग ती हसली. "लोक म्हणतात तुळशीत भांग उगवली. आमच्याकडे लोणच्यात उगवतेय."

दिगंबरचं खोटं नव्हतं हं. रोप दिवसाला बोटभर वाढायचं. तो सकाळ-संध्याकाळ पाणी तपासून वहीत आकडे लिहायचा. एवढे लाड लोणच्याच्या दिवसांतही माझे झाले नव्हते, मी अगदी फुगून गेले होते.

एप्रिलमध्ये मालिनीची मोठी बहीण शरयूताई अमरावतीहून आली. बहिणीला काही भरवता येत नाही म्हणून ती कासावीस व्हायची. निदान झाडाला तरी घालू, असं तिला वाटलं असावं. रोज सकाळी तांदूळ धुतले की ते पांढरं धुवण ती गुपचूप माझ्या पोटात ओतायची. तिच्या घरी गुलाबाला, कढीपत्त्याला हेच तर घालत होते. मातीत ते जिरलं असतं. माझ्या पोटात ते आंबलं. चौथ्या दिवशी मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली आणि झाडाने मान टाकली.

दिगंबर झाकण उघडून बघत राहिला. शरयूताई मागे येऊन उभी राहिली.

"मेलं का हो? मी तर रोज धुवण घालत होते, जीव धरेल म्हणून."

दिगंबरने हातातली वही मिटली. आता हा बोलणार, असं मला वाटलं. तो खाली वाकला आणि शरयूताईला दिसणार नाही अशा बेताने त्याने पंपाची वायर ओढून काढली.

"पंप बंद पडला होता, ताई. माझ्या लक्षात आलं नाही."

पंप ठणठणीत होता, मित्रांनो. मी साक्षीदार आहे.

मालिनीने शेंड्याची हिरवी उरलेली एक फांदी खुडली. माझ्या बुडाला भोकं पाडली गेली, मला मातीने भरलं आणि फांदी खोचली. बारा दिवस ती नुसती उभी होती, मग नवं पान फुटलं. माती सावकाश काम करते, पण एखादी चूक पोटात घालते. धुवण तर ती आवडीने प्यायली. शरयूताई रोज घालायची आणि दिगंबर नुसता बघायचा. वही त्याने कपाटात ठेवली.

इकडे मालिनीचं वजन घटलं आणि सहावी केमो दोनदा पुढे ढकलली गेली. जुलैमध्ये फुलं तयार झाली. ती वाळवून शरयूताईने साजूक तुपात मंद आचेवर ठेवली, आणि डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच तूप मालिनीच्या वरणभातावर पडलं. पहिले दोन दिवस फरक नाही. तिसऱ्या दिवशी मालिनीने ताट पुसून खाल्लं.

"ताई, अजून थोडा भात आहे?"

भात संपला होता. तिघांना पुरेल इतका टाकायची सवयच मोडली होती.

"आत्ता टाकते," म्हणत शरयूताई उठली आणि नळाखाली तांदूळ धुऊ लागली. सहावी केमो पुढच्याच आठवड्यात झाली, आणि मग उरलेल्या दोन.

आज माझ्यात कढीपत्ता आहे. मालिनी फोडणीसाठी पानं तोडायला येते. दरवर्षी अमरावतीहून फोन येतो, "माझ्या धुवणानेच झाड जगलं की नाही?" दिगंबर म्हणतो, "हो ताई, धुवणानेच." मित्रांनो, झाडाला काय घालायचं ते आधी विचारून घ्या. आणि कोणी न विचारता, मायेने घातलं असेल, तर एखादा पंप तुम्हीही बंद पाडा.