हिरव्यांची चार नंबर

आपल्या मुली हरल्या, हे खालच्या धुलाईत आधी छतावरून कळलं. शेवटची शिट्टी झाली आणि वर एकही पाय आपटला नाही. जिंकल्या की छत असं दणाणायचं की दांडीवरचे टॉवेल हलायचे. आज नुसत्या खुर्च्या मिटल्याचे आवाज आले आणि जिन्यावरून उतरणारी मुकाट गर्दी.

"गेलं," सासूबाई म्हणाल्या आणि मशिनचं झाकण जरा जोरातच लावलं.

स्टेडियमच्या तळघरात, बास्केटबॉलच्या मैदानाच्या बरोबर खाली, ही धुलाई. कामाला तिघं. सासूबाई, त्यांनीच चिकटवून दिलेली त्यांची सून आणि गुलाबी. गुलाबी म्हणजे चांगला मिशीवाला बाप्या. पण एकदा त्याच्या हातून पांढऱ्या कपड्यांत लाल मोजा गेला आणि तेव्हापासून त्याचं खरं नाव कुणाच्या तोंडात येईना.

वर मॅच असली की खाली कामाचा घाणा. त्यामुळे ज्यांचे कपडे आयुष्यभर धुतले त्यांचा खेळ सासूबाईंनी कधी पाहिलाच नव्हता. ऐकला मात्र होता. चेंडू दोनदा आपटला आणि सगळं गप्प झालं की त्या हातातला साबण तसाच धरून वर बघत. मग आरोळी आली तर पडला बास्केटमध्ये, उसासा आला तर हुकला. सून नवी असताना एकदा मध्येच काही विचारायला गेली, तर "श्शू!" करून त्यांनी तिला असं गप्प केलं होतं, जणू पाळण्यातलं मूल नुकतं झोपलंय.

आपली टीम स्पर्धेतून बाहेर पडली की दुसऱ्या दिवशी चहाला बसून नवी टीम निवडायची, हा धुलाईचा रिवाज. आणि निवडायची ती धुवायला आलेल्या कपड्यांवरून. खेळ बघितलाय कुणी?

"हिरव्या," गुलाबी म्हणाला. "त्यांनी आपल्याला हरवलं. उद्या त्या फायनल जिंकल्या तर म्हणता येईल, आपण हरलो ते चॅम्पियनकडून."

"वा रे वा! ज्याने पेकाटात लाथ घातली त्याच्याच पाया पडायचं?" सासूबाई उसळल्या. "आणि त्यांची ती चार नंबर! रोज जर्सी फाटकी. कडेला रक्ताचे डाग, बगलेत उसवलेलं. चार दिवस मीच शिवतेय ना. धक्काबुक्की केल्याशिवाय कपडा असा फाटत नाही. माप लहान, खोड मोठी!"

"मग निळ्या," सून म्हणाली. "त्यांचे मोजे सुलटे असतात, जोडीजोडीने."

"हां. घरच्यांनी वळण लावलेल्या पोरी त्या. निळ्याच."

तेवढ्यात मॅनेजर जिना उतरून आला. बाकांवर टॉवेल-पाणी द्यायला आपल्या क्लबच्या लहान मुली असायच्या. क्लब हरल्यावर त्याही घरी गेल्या. मुलींच्या बाकाजवळ बायकाच हव्यात. उद्या तुम्ही दोघी वर याल का?

सुनेने आशेने सासूबाईंकडे पाहिलं. या महिन्यानंतर सासूबाई काम सोडणार होत्या. नात चालायला लागली होती, तिच्यामागे कुणीतरी पळायला हवं होतं. सुनेची नोकरी टिकावी म्हणून सासूबाईंनी आपली सोडायची ठरवली होती, तीही "माझे गुडघे गेले गं" असं खोटं कारण सांगून. आता नाही तर त्या कधीच वर जाणार नव्हत्या.

"मी नाही," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या असत्या तर गेले असते. परक्यांसाठी कोण जिने चढतंय?"

मॅनेजर गेला. गुलाबी इस्त्रीकडे वळला. सून त्यांच्याजवळ सरकली. "आई, खरं सांगा. का नाही?"

सासूबाई बराच वेळ एक टॉवेल घडी करत राहिल्या, आधीच घडी केलेला. "इतकी वर्षं मी ते इथून बघतेय," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या डोक्यात ते केवढं मोठं आहे, तुला काय सांगू. वर गेले आणि ते एवढंसंच निघालं, तर मग मी ऐकत काय होते?"

सुनेने तो टॉवेल त्यांच्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, "निळ्यांच्या बाकाशी तुम्ही थांबा. हिरव्यांकडे मी बघते. नाही आवडलं तर खाली या, मी दोन्हीकडे पळेन."

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या वरच्या पायरीवर सासूबाई थबकल्या. दिवे, लखलखीत लाकडी जमीन, आणि भोवती माणसांच्या भिंती. त्यांनी आधी पायाखाली पाहिलं. "हे आपलं छत?" त्या म्हणाल्या आणि पाऊल असं जपून टाकलं की सुनेला आपली लेक आठवली.

मॅच सुरू झाली. सून हिरव्यांच्या बाकाशी, पण तिचं अर्धं लक्ष पलीकडे. सासूबाई टॉवेल छातीशी धरून पाहुण्यासारख्या आखडून उभ्या. चेहऱ्यावर काहीच नाही. आणलं आपण यांना हट्टाने, आणि आता?

मग हिरव्यांचा एक पास चुकला. चेंडू रेषेकडे सुटला, थेट सासूबाईंच्या दिशेने. तो गेलाच होता. दोन्हीकडच्या मुलींनी पळणं सोडलं, पंचाने शिट्टी ओठांना लावली. एकटी चार नंबर थांबली नाही. तिच्या अंगाला कुणी बोटही लावत नव्हतं. ती आपणहून उडाली. आडवी, अख्खी, हवेत. रेषेपलीकडे अधांतरी असताना तिने चेंडू पंज्यात पकडून मागे भिरकावला आणि मग धाडकन पडली, घसरत घसरत सासूबाईंच्या पायांशी आली. बगलेतली शिवण टर्रकन गेली. कोपर सोलवटलं. मागे कुणीतरी तो चेंडू बास्केटमध्ये टाकला आणि सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं, निळ्यांची माणसंसुद्धा.

सासूबाईंचा हात तोंडावर गेला होता.

चार नंबरने वर पाहिलं, हसली, उठायला लागली. सासूबाईंनी हातातला टॉवेल तिच्या कोपरावर दाबला.

"अहो बाई, तो आमचा टॉवेल!" निळ्यांचा कोच ओरडला.

"धुतला मी आहे!" सासूबाई त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या. आणि पोरीला, "दुखतंय का गं?"

"नंतर दुखेल, मावशी," ती म्हणाली आणि पळाली.

त्यानंतर सासूबाईंकडून कुणाला धड पाणी मिळालं नाही. चार नंबर जिथे जाईल तिथे त्यांची मान. ती पुन्हा पडली, पुन्हा उठली. जो चेंडू सगळ्यांनी गेला म्हणून सोडून दिला होता, त्याच्यामागे दर वेळी तशीच, जणू पहिलाच. निळ्यांच्या बाकाशी उभ्या राहून सासूबाई हिरव्यांसाठी "धर! अगं धर तो!" म्हणून ओरडत होत्या. एरवी सून लाजेने मेली असती. पण तिचेच डोळे भरून आले होते, आणि का, ते तिलाही नीट कळत नव्हतं. त्या मुलीसाठी, की मुठी वळून उभ्या असलेल्या या बाईसाठी?

भोंगा वाजला. निळ्या मुली एकमेकींच्या अंगावर कोसळल्या, कागदाचे तुकडे उडाले. सून धावत पलीकडे गेली. सासूबाई मैदानात पाय पसरून धापा टाकणाऱ्या चार नंबरकडे बघत होत्या.

"कोण जिंकलं गं?"

"आई! तुमच्याच की. निळ्या. एका बास्केटने."

"असं होय," त्या म्हणाल्या, शेजारच्या गल्लीतली बातमी ऐकावी तशा.

गर्दी ओसरली. खालून गुलाबीची हाक आली, ढीग येऊन पडलाय, दोघी कुठे मेल्यात? सासूबाई रिकाम्या बाकावर बसल्या आणि शेजारची जागा थोपटली. सून बसली. पाण्याने सुरकुतलेला त्यांचा हात तिने हातात घेतला.

"खालून यातलं निम्मंसुद्धा ऐकू येत नव्हतं गं," सासूबाई म्हणाल्या.

गुलाबीने पुन्हा हाक मारली. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.